सूर्य कुठे होता, ते आधी सांगा

प्रश्न : मे महिन्यात सकाळी अकराच्या सुमारास गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. पूर्वेकडे, सूर्याच्या बऱ्याच खाली, आकाशात रंगीत पट्टा दिसला. वरची कड लाल, खाली हिरवा, निळा, जांभळा. कमानीसारखा वाकलेला नव्हता, जमिनीला समांतर आडवा होता. पावसाचा थेंबही नव्हता, फक्त पांढरे विरळ ढग होते. फोटो नातेवाइकांना पाठवले, तर कोणी त्याला 'अग्नी-इंद्रधनुष्य' म्हणाले, तर कोणी भूकंपाची खूण. पाऊस नसताना इंद्रधनुष्य पडते का? आणि ते सरळ कसे?

उत्तर : तुम्ही पत्रात वेळ, दिशा आणि सूर्याची जागा असे तिन्ही लिहिलेत, त्यामुळे कोडे सुटायला वेळ लागत नाही. बहुतेक जण 'आकाशात रंग दिसले' एवढेच कळवतात. आकाशातल्या रंगीत प्रकाशाचे प्रकार अनेक आहेत आणि ते ओळखायचा पहिला प्रश्न रंगांविषयी नसतोच. सूर्य कुठे होता, हा तो प्रश्न. तिथूनच सुरुवात करू.

नेहमीचे इंद्रधनुष्य सूर्याच्या विरुद्ध बाजूला दिसते. ते पाहताना सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि समोर पावसाचे थेंब असतात. प्रकाश थेंबात शिरतो, आतल्या बाजूवर परावर्तित होतो आणि मागे फिरतो. आपल्या डोक्याची सावली जिथे पडते, त्या बिंदूपासून लाल रंगाची कमान साधारण 42 अंशांवर असते. सूर्य जितका वर चढेल, तितका हा सावलीचा बिंदू क्षितिजाखाली जातो. सूर्य 42 अंशांच्या वर गेला की सगळी कमानच क्षितिजाखाली जाते आणि जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला ती दिसत नाही. म्हणून इंद्रधनुष्ये सकाळी किंवा संध्याकाळी दिसतात.

महाराष्ट्रात तर डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवशीही माध्यान्हीचा सूर्य 42 अंशांच्या वरच असतो. पुण्यात तो तेव्हा सुमारे 48 अंशांवर, तर नागपुरात 45 अंशांवर असतो. याचा अर्थ असा की आपल्याकडे ऐन दुपारी आकाशात इंद्रधनुष्य पडूच शकत नाही, बारा महिन्यांत कधीच नाही. मे महिन्यात सकाळी अकरा वाजता सूर्य 65 ते 70 अंशांवर असतो. शिवाय तुम्हाला रंग दिसले ते सूर्याच्याच बाजूला. तेव्हा तुम्ही पाहिले ते इंद्रधनुष्य नव्हते आणि त्याला पावसाची गरजही नव्हती. ते रंग बर्फाचे होते.

प्रश्न : मे महिन्याच्या रखरखाटात बर्फ कुठून आला?

उत्तर : उकाडा आपल्या गच्चीवर असतो, ढगात नसतो. वर जाऊ तसे दर किलोमीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. आपल्याकडे पाच-सहा किलोमीटर उंचीवर ते शून्याला टेकते आणि दहा-बारा किलोमीटरवर उणे 30 ते उणे 50 अंशांपर्यंत जाते. तुम्ही लिहिलेले पांढरे विरळ ढग त्या उंचीवरचे तंतुमेघ होते. ते जवळजवळ पूर्णपणे बर्फाच्या बारीक स्फटिकांचे असतात.

बर्फाच्या स्फटिकाला सहा बाजू असतात. काही स्फटिक चपटे, षटकोनी चकतीसारखे वाढतात, तर काही लांबट, कांडीसारखे. चपटे स्फटिक हवेतून हळूहळू खाली येतात तेव्हा हवेच्या विरोधामुळे आडवेच राहतात. पातळ ताटली पाण्यात सोडली की ती आडवी राहून डुलत तळाशी जाते, तसेच. अशा कोट्यवधी चकत्या एकाच वेळी आडव्या असल्या की त्या मिळून एका मोठ्या लोलकाचे काम करतात.

सूर्यकिरण चकतीच्या उभ्या कडेतून आत शिरतो आणि खालच्या सपाट बाजूतून बाहेर पडतो. या दोन बाजूंमध्ये 90 अंशांचा कोन असतो, म्हणून रंग चांगले फाकतात. सगळ्या चकत्या एकाच पद्धतीने आडव्या असल्यामुळे हे रंग एकमेकांत फारसे मिसळत नाहीत. म्हणूनच या पट्ट्यातले रंग कित्येकदा पावसाळी इंद्रधनुष्यापेक्षाही स्वच्छ दिसतात. लाल सगळ्यात कमी वळतो, म्हणून तो सूर्याच्या बाजूला, म्हणजे वरच्या कडेला राहतो. तुम्ही नेमके तेच पाहिलेत.

आता सरळपणाचे. हा पट्टा खरे तर एका फार मोठ्या वर्तुळाचा तुकडा असतो. ते वर्तुळ क्षितिजाला समांतर, आपल्या डोक्याभोवती फिरणारे असते. त्यातला सूर्याखालचा भागच उजळ असतो आणि त्यातही जिथे ढग असेल तेवढाच आपल्याला दिसतो. एवढ्या मोठ्या वर्तुळाचा लहानसा तुकडा डोळ्यांना सरळ रेषेसारखा वाटतो. त्याला 'क्षितिजसमांतर कंस' म्हणता येईल. अग्नीशी त्याचा काही संबंध नाही. ढगाच्या विस्कटलेल्या धाग्यांत हे रंग भरले की ज्वाळा उठल्यासारखे वाटते, एवढ्यावरून ते नाव पसरले आहे.

या कंसाला सूर्य 58 अंशांच्या वर लागतो. या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. महाराष्ट्रात फेब्रुवारीच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य या उंचीच्या वर जातो. लंडनमध्ये ही संधी जूनच्या आगेमागे जेमतेम दोन-सव्वादोन महिने मिळते, आणि स्टॉकहोममध्ये तर सूर्य एवढा वर कधीच चढत नाही, त्यामुळे तिथे हा कंस दिसणे शक्यच नाही. परदेशातली मंडळी त्याला दुर्मीळ म्हणतात ते त्यांच्या आकाशापुरते खरे आहे. आपल्याकडे तो दिसत नाही याचे मुख्य कारण असे की भर उन्हात मान वर करून कोणी पाहत नाही.

प्रश्न : सूर्याभोवती पूर्ण गोल कडे पडते, तेही हेच का? आणि चंद्राला खळे पडले की पाऊस येतो, असे आमचे वडील सांगायचे. त्यात तथ्य आहे का?

उत्तर : कडेही बर्फाचेच, पण वाट वेगळी. इथे स्फटिक आडवे शिस्तीत नसतात, वेडेवाकडे कसेही फिरत असतात. किरण स्फटिकाच्या एका बाजूतून शिरतो आणि एक बाजू सोडून पुढच्या बाजूतून बाहेर पडतो. या दोन बाजूंमध्ये 60 अंशांचा कोन असतो. अशा वाटेने जाणारा प्रकाश कमीत कमी 22 अंश वळतो, त्यापेक्षा कमी वळूच शकत नाही. जास्त वळणारे किरण असतात, पण बहुतेक किरण या 22 अंशांच्या आसपास गर्दी करतात. म्हणून सूर्यापासून 22 अंशांवर उजळ कडे उमटते आणि त्याच्या आतले आकाश बाहेरच्यापेक्षा काळपट दिसते, कारण तिथे या वाटेने प्रकाश पोचतच नाही. आतली कड तांबूस आणि रेखीव, तर बाहेरची फिकट आणि विरत जाणारी असते. इंद्रधनुष्यात लाल बाहेर असतो, इथे तो आत असतो.

24 मे 2021 रोजी बेंगळुरूच्या आकाशात असेच मोठे कडे दिसले आणि त्याचे फोटो देशभर फिरले. अनेकांनी ते आयुष्यात एकदाच दिसणारे दृश्य म्हणून पुढे पाठवले. प्रत्यक्षात पातळ बर्फाचा ढग असेल त्या कोणत्याही दिवशी ते दिसू शकते आणि लक्ष ठेवणाऱ्याला वर्षातून अनेकदा दिसते. कधी कधी सूर्याच्या डाव्या-उजव्या बाजूला, त्याच उंचीवर, दोन झगझगीत रंगीत ठिपकेही उमटतात, त्यांना प्रतिसूर्य म्हणतात. तेही आडव्या चकत्यांचेच काम. सूर्य बराच खाली असेल तर कधी सूर्याच्या खूप वर, जवळजवळ डोक्यावर, उलटी ठेवलेली रंगीत कमान दिसते. तिला सूर्य 32 अंशांच्या खाली लागतो, म्हणून ती सकाळी किंवा संध्याकाळीच शोधावी.

अशा वेळी लोक घाबरतात, हे नवे नाही. 20 एप्रिल 1535 रोजी स्टॉकहोमच्या आकाशात एकाच वेळी अनेक कडी आणि प्रतिसूर्य दिसले. शहरात चर्चा उठली की हा देवाचा इशारा आहे. त्या दृश्याचे चित्र काढून घेतले गेले आणि त्याची 1636 सालची प्रत तिथल्या जुन्या मुख्य चर्चमध्ये आजही टांगलेली आहे. त्या चित्रातल्या बहुतेक कड्यांची ओळख आज भौतिकशास्त्राच्या आधारे पटवता येते. आपल्याकडे सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त परिवेष, इंद्रायुध आणि प्रतिसूर्य यांना वेगवेगळे अध्याय दिले. त्याने त्यांना जोडलेली शुभाशुभ फळे आज आपण मानणार नाही. पण सूर्याभोवतीचे कडे, पावसातले धनुष्य आणि सूर्याशेजारचा दुसरा सूर्य या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे निरीक्षण अचूक होते.

आता तुमच्या वडिलांचे म्हणणे. खळे दूर तर पाऊस जवळ आणि खळे जवळ तर पाऊस दूर, असे जुनी माणसे सांगतात. यात एक गोष्ट लक्षात घ्या : बर्फाचे कडे लहान-मोठे होत नाही, ते नेहमी 22 अंशांचेच असते. मग 'जवळचे खळे' कोणते? चंद्राला अगदी खेटून पिवळट-तांबूस वलये दिसतात, ती. ती बर्फाची नसून पाण्याच्या बारीक थेंबांची असतात. थेंबांच्या कडेवरून जाताना प्रकाश पसरतो, त्यातून ती तयार होतात. त्यांचा आकार थेंबांप्रमाणे बदलतो आणि त्यांच्यात लाल रंग बाहेरच्या कडेला असतो. म्हणजे म्हणणाऱ्यांनी दोन वेगळे ढग ओळखले होते. दूरचे खळे उंचावरच्या बर्फाच्या ढगाचे, जवळचे खळे खालच्या पातळ ढगाचे.

उंचावरचा बर्फाचा पडदा पुष्कळदा दूरच्या वादळी ढगाच्या माथ्यावरून पसरत आलेला असतो, म्हणून त्यामागून पाऊस येण्याचा संभव असतो. पण तो पडदा पाऊस न आणता नुसता पसरून विरूनही जातो. तेव्हा खळे पाहून छत्री जवळ ठेवायला हरकत नाही, पेरणी मात्र त्याच्या भरवशावर करू नये. भूकंपाशी यातल्या कशाचाच संबंध नाही. भूकंप जमिनीखाली किलोमीटरच्या किलोमीटर खोल घडतो, आणि कडे उमटते ते दहा किलोमीटर वरच्या बर्फात.

प्रश्न : हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसते, त्याला इंद्रवज्र म्हणतात. ते खरोखर इंद्रधनुष्यच असते का? आणि आम्ही चौघे एकत्र उभे असताना प्रत्येक जण 'माझ्याच डोक्याभोवती आहे' असे का म्हणत होता?

उत्तर : चौघेही खरे बोलत होते. इथेही पहिला प्रश्न तोच : सूर्य कुठे होता? तो तुमच्या पाठीशी होता. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. सकाळी सूर्य पूर्वेला असतो. खाली कोकणातून वर चढणारे धुके कड्याला भिडलेले असते आणि तुमची सावली त्या धुक्यावर पडते. सावलीच्या डोक्याभोवती रंगीत वलये उमटतात.

इंद्रधनुष्याशी हे सावलीच्या बिंदूभोवती असण्यापुरतेच जुळते. इंद्रधनुष्याची त्रिज्या 42 अंश, इंद्रवज्राची साधारण 5 ते 20 अंश. इंद्रधनुष्याला पावसाचे मोठे थेंब लागतात, तर इंद्रवज्राला धुक्याचे किंवा ढगाचे अतिसूक्ष्म थेंब. एवढ्या लहान थेंबांत प्रकाशाचा लहरी स्वभाव पुढे येतो. थेंबाच्या कडेने वळून आलेला प्रकाश जवळजवळ आला त्याच दिशेने मागे फिरतो, आणि या लहरी एकमेकींत मिसळून वलये तयार होतात. थेंब जितके बारीक, तितकी वलये मोठी. कधी एकात एक अशी दोन-तीन वलयेही दिसतात.

प्रकाश जवळजवळ सरळ मागे येतो, म्हणून तो ज्याच्या डोळ्यांत शिरतो त्याच्या सावलीच्या डोक्याभोवतीच वलय दिसते. शेजाऱ्याची सावली तुम्हाला दिसेल, पण तिच्या डोक्याभोवतीचे वलय फक्त शेजाऱ्यालाच दिसेल. पूर्ण गोल इंद्रधनुष्यही असते, पण ते पाहायला पायांखालीही पावसाचे थेंब लागतात, म्हणून ते विमानातून, हेलिकॉप्टरमधून किंवा एखाद्या फार उंच जागेवरून दिसते.

कोकणकड्याच्या इंद्रवज्राशी कर्नल साइक्सचे नाव जोडले जाते. त्याने दख्खनच्या हवामानावरचा मोठा निबंध लिहिला, तो लंडनच्या रॉयल सोसायटीने 1835 साली छापला. त्यात त्याने हरिश्चंद्रगडावर पाहिलेल्या गोल इंद्रधनुष्याचे आणि त्यातल्या स्वतःच्या सावलीचे वर्णन केले आहे. पुष्कळ ठिकाणी 'साइक्सला 1835 साली इंद्रवज्र दिसले' असे छापलेले आढळते. 1835 हे निबंध छापल्याचे साल आहे.

या वलयांनी विज्ञानाला एक मोठी देणगी दिली. 1894 च्या सप्टेंबरात सी. टी. आर. विल्सन हा तरुण शास्त्रज्ञ स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस शिखरावरच्या वेधशाळेत होता. ढगांवर पडलेल्या सावल्यांभोवतीची ही रंगीत वलये पाहून तो भारावला. ती प्रयोगशाळेत तयार करता येतील का, म्हणून त्याने काचेच्या भांड्यात कृत्रिम ढग बनवायला घेतले. त्यातून त्याच्या हाती मेघकोष्ठ आले. 1911 मध्ये त्याने त्यात विद्युतभारित कणांच्या वाटांचे फोटो घेतले. डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या कणांचा मागोवा घेण्याचे ते साधन ठरले आणि त्यासाठी 1927 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

हे पाहायला पावसाळ्यात कड्याच्या टोकावर जाण्याचा अट्टहास करू नका. खडक शेवाळलेला असतो आणि धुक्यात टोक कळत नाही. विमानाने जाणार असाल तर सूर्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी मागून घ्या. खाली ढगांचा थर असेल तर विमानाच्या सावलीभोवती हेच वलय पळताना दिसेल. विमान फार उंचावर असेल तर सावली दिसणार नाही, वलय मात्र दिसेल.

प्रश्न : एकदा ढगाच्या कडेला नुसतेच गुलाबी-हिरवे डाग दिसले. ना कमान, ना कडे. हे कोणते?

उत्तर : ठरावीक आकार नाही, हीच त्याची ओळख. सूर्याच्या जवळ असलेल्या पातळ, नव्याने तयार होणाऱ्या ढगात सगळे थेंब जवळजवळ एकाच मापाचे असतात. त्यांच्या कडेवरून पसरणाऱ्या प्रकाशाचे रंग मग वेगवेगळे दिसू लागतात. ढगाच्या प्रत्येक भागात थेंबांचे माप थोडे वेगळे असते, म्हणून रंगांचे पट्टे ढगाच्या आकाराप्रमाणे वेडेवाकडे जातात. चंद्राला खेटून असलेल्या वलयाचे हे विस्कळीत रूप समजा. वादळी ढग झपाट्याने वर चढताना त्याच्या माथ्यावर पातळ टोपीसारखा ढग तयार होतो, त्यावर हे रंग विशेष खुलतात. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर तसे ढग आपल्याकडे पुष्कळ असतात.

प्रश्न : पुढच्या वेळी काही दिसले तर नेमके काय टिपून ठेवायचे?

उत्तर : सर्वप्रथम डोळे सांभाळा. सूर्याजवळचे रंग पाहायचे तर सूर्य भिंतीच्या कोपऱ्याआड, पाण्याच्या टाकीआड किंवा विजेच्या खांबाआड घ्या. काळा चष्मा पुरेसा नाही.

मग हाताने मोजा. हात पूर्ण लांब करून मूठ धरली तर ती आकाशात सुमारे 10 अंश व्यापते, आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेली वीत 20 ते 22 अंश. माणसाचा हात लहान असला तर त्याची वीतही लहान असते, म्हणून हे माप सगळ्यांना बऱ्यापैकी लागू पडते. सूर्यापासून एका वितेवर कडे किंवा बाजूचे रंगीत ठिपके. दोन वितींवर, खाली आडवा कंस किंवा वर उलटी कमान. वितेच्या आत, वेडेवाकडे रंग किंवा खेटून वलय. सूर्य पाठीशी असेल तर सावलीच्या डोक्यापासून दोन वितींवर इंद्रधनुष्य आणि वितेच्या आत इंद्रवज्र. लाल रंग सूर्याच्या बाजूला होता की त्याच्या उलट, हेही लिहा. एवढ्यावर शंभरातली बहुतेक कोडी सुटतात.

तारीख, वेळ आणि गाव तर लिहाच, कारण त्यांवरून सूर्याची उंची कधीही काढता येते. फोटो काढताना झूम करू नका. मोठ्या चौकटीचा फोटो घ्या, त्यात क्षितिज, एखादी इमारत किंवा खांब येऊ द्या. नुसत्या रंगांचा जवळून काढलेला फोटो सुंदर दिसतो, पण त्यावरून काहीच ठरवता येत नाही. चौकटीत सूर्याची जागा आणि क्षितिज असले की त्यावर अंश मोजता येतात, आणि मग नातेवाइकांनी पाठवलेले नाव बरोबर की चूक, हे तुमचे तुम्हालाच ठरवता येते.